डोक्यावरची गाठ, कापण्याआधी

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण त्याचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला 2016 साल उजाडले. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे केटीएस म्हणतात ते, आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही दोन्ही या महाविद्यालयाला जोडली गेली. तोवर मोठ्या आजाराला नागपूर, हाच इथला रिवाज होता: हावडा-मुंबई मार्गावरची गाडी धरायची, सुमारे 130 किलोमीटर जायचे आणि तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे मेडिकलला, नंबर लावायचा. मुलाच्या डोक्यावर गाठ दिसली की आजही सालेकसा-देवरीकडची कुटुंबे एकतर थेट नागपूरचा विचार करतात, नाहीतर गावातच कुणाकडून तरी ती फोडून घेतात. मला या दोन्हींच्या मधला रस्ता दाखवायचा आहे. मुलांच्या कवटीवरच्या बहुतेक गाठी सौम्य असतात. त्यांतल्या बऱ्याचशा वय, जागा, बोटांची तपासणी आणि एक साधा एक्स-रे एवढ्यावर ओळखता येतात. ही साधने जिल्ह्यातच आहेत, आणि ती वापरून होईपर्यंत गाठीला सुई किंवा ब्लेड लावायचे नसते.

आधी हाड समजून घेऊ. कवटीचे हाड एकसंध नसते. टम्म फुगलेल्या भाकरीचे दोन पापुद्रे असावेत तसे त्याला बाहेरचे आणि आतले असे दोन थर असतात आणि मधल्या जागेत मज्जा असते. मोठ्या माणसात ही मज्जा बरीचशी सुस्त झालेली असते, पण लहान मुलात ती रक्त तयार करण्याच्या कामात गुंतलेली असते. शिवाय मुलाच्या कवटीची हाडे एकमेकांना पूर्ण जुळलेली नसतात, त्यांच्यामध्ये शिवणी असतात. पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या आसपास भरून येते. मुलांच्या कवटीवर कोणत्या गाठी येतात आणि कुठे येतात, याचे उत्तर बहुतांशी या दोन गोष्टींत आहे: जागी असलेली मज्जा आणि जुळत आलेल्या शिवणी.

नवजात बाळाच्या डोक्यावरच्या सुजेबद्दल थोडक्यात सांगतो. प्रसूतीच्या वेळच्या दाबाने टाळूवर आलेली पिळपिळीत सूज शिवणी ओलांडून पसरते आणि दोन-चार दिवसांत ओसरते. हाडावरच्या आवरणाखाली रक्त साचले तर मात्र सूज एकाच हाडापुरती राहते, शिवणीपाशी थांबते, आणि उतरायला काही आठवड्यांपासून दोन-तीन महिने घेते. कधी तिच्या कडा चुन्याने कडक होतात आणि मध्य मऊ राहतो, तेव्हा हात लावणाऱ्याला हाड आत दबल्याचा भास होतो. या गाठीतून सुईने रक्त काढायचे नाही. आत जंतू शिरले तर आपोआप जिरणाऱ्या रक्ताचा पू होतो.

खरी कसोटी लागते ती पुढच्या वयात, सहा महिन्यांपासून आठ-दहा वर्षांपर्यंत. अनुभवी बालरोगतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक मूल आईच्या मांडीवरच ठेवून तपासतो, कारण टेबलावर निजवले की ते रडते आणि डोक्यातला दाब वाढतो. आधी प्रश्न. "जन्मापासून होती का, बाई?" "नाही जी, चार महिन्यांचा होता तवापासून दिसते." "वाढते आहे?" "हळूहळू." "दाबली तर रडतो?" या तीन-चार उत्तरांनीच शक्यतांची यादी निम्मी होते. मग बोटे. वरची कातडी चिमटीत धरून हलवून पाहायची. ती गाठीवरून मोकळी सरकली आणि गाठ मात्र हाडाला चिकटून जागची हलली नाही, तर ती कातडीतली नाही, खालची आहे. गाठीच्या कडेने बोट फिरवायचे. हाडाची उंच कड लागते का, की बोट खड्ड्यात उतरते? मग तळवा नुसता टेकवून थांबायचे: ठोका जाणवतो का? मूल रडले तेव्हा गाठ फुगते का? निजवून डोके जरा खाली केले की मोठी होते आणि बसवले की नाहीशी होते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो आले तर ती बहुधा कवटीच्या आतल्या मोठ्या शिरेशी जोडलेली रक्ताची पिशवी असते. आत काय आहे हे न पाहता कुणी तिला छेद दिला तर रक्त थांबवणे अवघड जाते.

सर्वांत शेवटी केस बाजूला करून कातडी पाहायची. नाकाच्या मुळाशी, कपाळाच्या मध्यरेषेवर किंवा मागे मानेच्या वरच्या बाजूला एखादे बारीक छिद्र आणि त्यातून डोकावणारे दोन-चार केस दिसले, तर तपासणी तिथेच थांबवून एमआरआयची तयारी करायची. त्या छिद्राची वाट कधीकधी हाडातून थेट मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते. गावाकडे अशा गाठीवर बिब्बा लावतात किंवा गरम सुईने ती फोडतात, आणि पंधरा दिवसांनी मूल ताप, उलट्या आणि ताठलेली मान घेऊन येते. हा मेंदूज्वर टाळता येण्यासारखा होता, आणि तो टाळण्यासाठी फक्त केस बाजूला करून पाहायला हवे होते. असे प्रसंग वाचताना, ऐकताना मला अजूनही राग येतो.

अपघाताशी संबंध नसलेल्या गाठींत मुलांमध्ये सर्वाधिक आढळते ती डर्मॉइड. गर्भात शिवणी जुळताना कातडीच्या काही पेशी आत अडकतात, आणि जन्मानंतर त्या आपले कातडीचेच काम करत राहतात: तेल, कोंडा, कधी केस. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी असलेली वाटाण्याएवढी, न दुखणारी, गोल गाठ म्हणजे जवळजवळ नेहमी हीच. पुढच्या टाळूवरही ती येते. 1971 साली नायजेरियातल्या इबादानचे अडेलोये आणि ओडेकू या दोन डॉक्टरांनी टाळूवरच्या अशा गाठींची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढची काही वर्षे हा आफ्रिकी वंशाच्या मुलांचाच आजार आहे असे पाश्चात्त्य डॉक्टर धरून चालले. नंतर तो सगळीकडे सापडला, भारतातही. या उदाहरणाने मला एक सवय लावली: एखादा आजार अमुक भागात नसतो असे कुणी म्हटले की मी आधी विचारतो, तिथे तो शोधला कुणी होता?

डर्मॉइडचा एक्स-रे वाचायला सोपा असतो. हाडात गोल, गुळगुळीत खळगा दिसतो आणि त्याच्या कडेला पांढरी, घट्ट रेघ. ही रेघ महत्त्वाची आहे. खळगा सावकाश वाढत असला की हाडाला आपली कड बांधायला सवड मिळते. रेघ नसेल तर हाड वेगाने खाल्ले जात आहे, हाडाला सावरायला वेळच मिळालेला नाही. कवटीच्या एक्स-रेवर अनुभवी माणूस आधी खळग्याची कडच पाहतो ती यासाठी. फोटो समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून घ्यावा लागतो, आणि गाठ जिथे उंच दिसते तिथे किरण गाठीला स्पर्शून जाईल असा एक तिरका फोटोही. हा तिसरा फोटो बहुधा मागायचाच राहतो, आणि हाडाचा बाहेरचा थर शाबूत आहे की नाही हे तर त्यातच दिसते.

गोंदियासारख्या जिल्ह्यात सोनोग्राफीवर माझा फार भर आहे. वरवरच्या भागासाठीचा प्रोब गाठीवर ठेवला की द्रव आहे की घन, रक्त वाहते आहे का, हाडात भोक आहे का, हे पाच मिनिटांत कळते. किरणे लागत नाहीत, मुलाला झोपेचे औषध द्यावे लागत नाही. सीटी स्कॅन हाड उत्तम दाखवतो, पण वाढत्या मेंदूवर किरणे पडतात, म्हणून तो एकदाच आणि नीट विचार करून. एमआरआयमध्ये किरणे नाहीत, पण लहान मुलाला बराच वेळ निश्चल ठेवायचे तर भूल द्यावी लागते. प्रत्येक तपासणीची अशी एक किंमत असते, आणि ती मूल मोजते.

डोक्याला मार लागून गेलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. खाटेवरून, ओट्यावरून, माडीवरून पडलेल्या मुलाच्या डोक्यावर टेंगूळ येते आणि जाते, ते आपण सगळे जाणतो. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाचे हाड तडकले आणि त्याखालचे मेंदूचे जाड आवरणही फाटले, तर क्वचित ती भेग भरून येण्याऐवजी महिन्यागणिक रुंदावत जाते. मेंदूचा वाढता दाब तिला उघडी ठेवतो. रोवणीच्या दिवसांत पडलेल्या लेकराच्या डोक्यावर धान कापणीपर्यंत मऊ, ठोके देणारा फुगवटा दिसू लागतो, आणि मधल्या काळात कुटुंब ते पडणे विसरूनही गेलेले असते. जॉन हाउशिप या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1816 मध्ये, एक्स-रेचा शोध लागायच्या ऐंशी वर्षे आधी, याचे वर्णन केले होते. ही गाठ सौम्य असली तरी तिला वाट पाहणे चालत नाही. आवरण शिवावेच लागते, आणि जितक्या लवकर तितके बरे. म्हणून कवटी तडकलेल्या लहान मुलाला दोन-तीन महिन्यांनी परत बोलावून डोक्यावरून हात फिरवायचा असतो. ही फेरतपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते.

आता लँगरहान्स पेशींचा आजार. पॉल लँगरहान्स बर्लिनमध्ये वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी असताना, 1868 मध्ये, त्याला कातडीत फांद्या फुटलेल्या काही पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूच्या वाटल्या. त्या रोगप्रतिकारक व्यवस्थेच्या आहेत हे कळायला शंभर वर्षे जावी लागली. अशाच दिसणाऱ्या पेशी हाडात गोळा होऊन ते खाऊ लागतात तेव्हा कवटी हे त्यांचे सर्वांत आवडते ठिकाण. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला पाचेक रुग्ण, इतका हा दुर्मिळ. गाठ मऊ असते, दुखते, आणि आठवड्यांत वाढते, वर्षांत नव्हे. एक्स-रेवर पंच मारून काढल्यासारखे स्वच्छ भोक दिसते, कडेला पांढरी रेघ नसते. बाहेरचा आणि आतला थर सारखाच खाल्लेला नसल्याने कड तिरपी दिसते, जणू एका भोकात दुसरे भोक.

याला सौम्य म्हणावे का, यावर तज्ज्ञांत बराच काळ मतभेद होते. 2010 मध्ये यातल्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच ठराविक बदल सापडला आणि पारडे अर्बुदाच्या, म्हणजे ट्यूमरच्या, बाजूने झुकले. पण कवटीत एकच भोक असलेल्या मुलासाठी या वादाचा फारसा उपयोग नाही. अशा मुलात नमुना घेताना केलेल्या खरवडण्यानेच बहुधा आजार संपतो, कधी तर तो आपणहून विरतो. अनेक हाडे, यकृत किंवा मज्जा गुंतली असेल तर व्हिनब्लास्टीन आणि प्रेडनिसोलोनसारखी औषधे लागतात. म्हणून एक भोक सापडले की सगळ्या अंगाची हाडे तपासायची. टाळूवरचा न जाणारा खपलीचा पुरळ आणि सतत वाहणारा कान यांकडेही बघायचे, दोन्ही याच आजाराची रूपे असू शकतात. आणि डोळ्याच्या खोबणीजवळचे किंवा कानामागचे हाड गुंतले असेल तर आईला पुढची कित्येक वर्षे एक गोष्ट सांगून ठेवायची: मूल रात्री उठून पाणी मागू लागले, आणि लघवी भरपूर, पाण्यासारखी होऊ लागली, तर लगेच या. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी बिघडल्याची ती पहिली खूण असते.

तंतुमय विकृतीत हाडाच्या जागी तंतुमय, अर्धवट हाड तयार होते. कपाळाची एक बाजू वर्षावर्षाने पुढे येते, दुखत नाही, सीटीवर ते हाड दुधी काचेसारखे दिसते. कारण जीएनएएस जनुकातला बदल, पण तो गर्भधारणेनंतर काही पेशींपुरताच झालेला असतो. त्यामुळे हा आजार आईबापांकडून येत नाही, आणि याचा दोष सुनेच्या माहेरावर ढकलायला शास्त्रात कसलाही आधार नाही. अंगावर वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी डाग आणि मुलीला फार लहान वयात पाळी, ही सोबत असेल तर हार्मोन्सचीही तपासणी हवी. बाकी बहुतेक मुलांत वर्षातून एकदा डोळे तपासणे आणि एकाच अंतरावरून चेहऱ्याचा फोटो काढून ठेवणे पुरते. वयात आल्यावर वाढ मंदावते.

गोंदियाच्या डॉक्टरला एक प्रश्न पुण्या-मुंबईच्या डॉक्टरपेक्षा लवकर विचारावा लागतो, आणि माझ्या मते तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला गेला पाहिजे: सिकलसेल तपासले आहे का? भारतात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद 1952 मध्ये झाली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपुरातून मध्य भारतातले सिकलसेलचे वाहक जगासमोर आणले. पूर्व विदर्भात आज एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी असतात. एएस म्हणजे वाहक, त्याला बहुधा काही होत नाही. एसएस म्हणजे आजारी. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला एसएस असण्याची शक्यता चारात एक.

एसएस मुलाच्या कवटीत दोन गोष्टी घडतात. मोडक्या लाल पेशींची भरपाई करायला मज्जा वाढते, दोन थर एकमेकांपासून दूर होतात, आणि कधी एक्स-रेवर हाडातून केस ताठ उभे राहिल्यासारख्या रेघा दिसतात. हे चित्र थॅलॅसेमियाच्या मुलांत अधिक ठळक असते, विशेषतः वेळेवर रक्त न मिळालेल्या. दुसरी गोष्ट दुर्मिळ पण तातडीची. विळ्याच्या आकाराच्या पेशींनी कवटीच्या हाडातला रक्तपुरवठा अडतो, त्या जागेची मज्जा मरते, हाडाच्या आवरणाखाली रक्त साचते. मूल डोके धरून रडते, ताप येतो, मार लागलेला नसताना टाळूवर किंवा डोळ्याभोवती सूज येते. पहिल्या काही दिवसांत एक्स-रे अगदी निर्दोष असू शकतो. यात रक्त कवटीच्या आतल्या बाजूलाही साचू शकते. त्यामुळे डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा मूल सुस्तावले तर त्याच दिवशी स्कॅन लागतो. हाच आजार हाडातल्या जंतुसंसर्गासारखाही दिसतो, आणि एसएस मुलांना तसा संसर्गही इतरांपेक्षा जास्त होतो, त्यामुळे दोन्ही शक्यता शेवटपर्यंत हातात ठेवाव्या लागतात. अशा सुजेला गळू समजून कुणी छेद दिला, तर मेलेल्या हाडाला जंतूंची वाट मोकळी होते. रक्ताच्या एका साध्या चाचणीने हे सगळे टळते. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची ही चाचणी ठरली आहे. गोंदियातल्या प्रत्येक मुलाचा निकाल त्याच्या लसीकरणाच्या कार्डावरच लिहिलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

सौम्य गाठींचे निदान करताना जे सौम्य नाही ते वगळावेच लागते. कवटीचा क्षयरोग न दुखणारा, मऊ, गरम नसलेला फुगवटा घेऊन येतो, आणि कधी त्याला वाहते भोक पडते. पाच वर्षांच्या आतले मूल फिकट पडले आहे, डोळ्यांभोवती मार न लागता काळेनिळे झाले आहे, पोटात गोळा लागतो आहे, अशा वेळी डोक्यावरची गाठ ही मूत्रपिंडाजवळच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाची लांबवर पडलेली सावली असू शकते. तिथे एक दिवसही घालवायचा नाही. रक्ताचा कर्करोगही कधी असाच येतो. म्हणून गाठ छोटी असली तरी हिमोग्राम आणि पोटाची तपासणी कुणी टाळू नये.

पहिली नजर बहुधा अंगणवाडीतच पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. वजन-उंची मोजताना डोक्यावरूनही हात फिरवला, तर सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या मुलाची गाठ वर्षभर आधी हाती लागते.

नमुना घ्यायची वेळ आलीच तर एक बारकावा मोलाचा. काढलेला तुकडा सवयीने सगळाच्या सगळा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. फॉर्मालिन पेशी टिकवते पण जंतू मारते, मग क्षयरोगाचे कल्चर त्या तुकड्यावर करताच येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच दोन बाटल्या मांडून ठेवायच्या: एक फॉर्मालिनची, पॅथॉलॉजीसाठी, आणि एक निर्जंतुक सलाइनची, कल्चर आणि सीबीनॅट या क्षयरोगाच्या चाचणीसाठी. फॉर्मालिनमधल्या तुकड्यावर नागपूर किंवा मुंबईची प्रयोगशाळा सीडी1ए आणि लँगेरिनचे रंग लावून लँगरहान्स पेशी ओळखते. सोबतच्या कागदावर मुलाचे वय, गाठीची जागा, ती किती दिवसांत वाढली आणि सिकलसेलचा पॅटर्न एवढे लिहिलेले असावे, आणि एक्स-रेची प्लेट पाकिटात असावी. हाडाच्या गाठीचा तुकडा प्लेटशिवाय वाचायला पॅथॉलॉजिस्ट कुरकुर करतात, आणि ते बरोबरच करतात.